रेनकोटलाही वय असतं, ते पाकिटावर छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही पावसाळी कपड्यांवर पानभर लेख छापलात, तो मी सकाळी चहाबरोबर वाचला आणि दुपारी जेवण झाल्यावर परत एकदा वाचला. छान आहे, फोटो तर मस्तच. पण नवीन कापडांचं जे कौतुक केलंय, पाणी शिवत नाही, वास धरत नाही, इस्त्री लागत नाही वगैरे, त्यात एक साधा प्रश्न कुणी विचारलाच नाही, की बाबा हे सगळं किती दिवस? मी कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या जुन्या तंत्रशिक्षण संस्थेत, टेक्सटाइल केमिस्ट्री शिकलो, नंतर ३१ वर्षं कोटिंग लाइनवर, म्हणजे कापडावर वॉटरप्रूफ थर चढवतात तिथे, आणि तिच्या लॅबमधे काढली, त्यामुळे हा प्रश्न माझ्या डोक्यात कायम असतो, आणि या वर्षी तर तो चक्क अंगाला चिकटला म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, तुम्ही कापाल ते मान्य, फक्त शेवटची मागणी ठेवा.

झालं असं. पहिला पाऊस पडला तसा मी माळ्यावरून माझा जुना रेनकोट काढला. २०२४ च्या ऑगस्टमधे विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा हाच घालून दूध आणायला गेलो होतो, गुडघाभर पाण्यातून, मगर दिसलीच तर कुठल्या कट्ट्यावर चढायचं ते बघत बघत, बडोद्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. घरी आल्यावर त्या गडबडीत रेनकोट तसाच ओला गुंडाळला, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला, गाठ मारली आणि माळ्यावर भिरकावला. आता उघडतोय तर दोन्ही बाह्या एकमेकींना अशा चिकटलेल्या, जशा गार झालेल्या गुळपोळ्या एकावर एक ठेवल्या की चिकटतात. जोर लावून ओढल्या तर चर्र आवाज झाला आणि आतला पांढरा पापुद्रा सोलून आला, त्यातला अर्धा माझ्या सदऱ्याच्या कॉलरवर. आमची सौ. बघत होती, म्हणाली, "एकतीस वर्षं कापडाला कोटिंग केलंत, आता स्वतःलाच करून घेतलंत."

इथवर चूक माझीच, कबूल. धंद्यातला माणूस असून मी ओला माल पिशवीत कोंडला. पण त्याच आठवड्यात नातवासाठी मंगळ बाजारातून नवाकोरा रेनकोट आणला, पाकीट घरी फोडलं, कॉलरच्या आतून बोट फिरवलं तर तोच चिकटपणा. एकदाही न घातलेला, पाणी न पाहिलेला माल. दुकानात परत नेला तर तो तरुण मालक म्हणतो, "काका, आ तो नवो ज माल छे, गरमीने लीधे एवुं थाय, पंखा नीचे मूकी दो." आता पंख्याखाली ठेवून बरा होणारा हा आजार नव्हे, हे त्याला सांगायला गेलो तर मागे गिऱ्हाइकांची रांग लागलेली, कोण ऐकतंय.

तर मुळात हा आजार काय आहे ते सांगतो, कारण लोकांना वाटतं कापड सडलं. कापडाला काहीही झालेलं नसतं, नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा तो तलम टाफेटा ठणठणीत असतो. खराब होतो तो त्याच्या आतल्या बाजूचा थर. टाफेटाचा ताका लाइनवर उलगडत येतो, रोलरवरून जाताना वरून एक लांब सुरी टेकलेली असते, आम्ही तिला नाइफच म्हणायचो, सुरीच्या मागे पॉलियुरेथेनची (धंद्यात पीयू) मधासारखी घट्ट पेस्ट ओतलेली असते आणि सुरी आणि कापड यांच्यामधे जेवढी फट तेवढीच पेस्ट कापडावर बसते, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पुढे ओव्हनमधे पेस्टमधलं सॉल्व्हंट, म्हणजे पीयू ज्यात विरघळवलेलं असतं ते द्रव, उडून जातं आणि कापडावर पापुद्रा राहतो. ते सॉल्व्हंट बरेचदा डीएमएफ (डायमिथाइल फॉर्मामाइड) असायचं, त्याला मासळीसारखा वास, आणि ते लिव्हरला वाईट. आमच्या शिफ्टची माणसं घरी गेली की दारातच आंघोळीला पाठवली जायची, तेव्हा आम्ही हसायचो, आता नाही हसत.

हे पॉलियुरेथेन जर्मनीत लेव्हरकुसेनला ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली काढलं. बहुगुणी चीज आहे, त्याचाच गादीचा फोम होतो, बुटाचा सोल होतो, सोफ्याचं नकली चामडं होतं आणि रेनकोटचा थर पण. पण पीयू एकाच जातीचा नसतो. त्याच्या रेणूंच्या लांब साखळीतला मऊ भाग कशाचा बनवलाय त्यावर सगळं ठरतं. स्वस्तात आणि कापडाला छान धरून बसणारा तो पॉलिएस्टर जातीचा, आणि त्याच्यात जो एस्टर बंध, म्हणजे साखळीचे तुकडे जोडणारी गाठ, असतो त्याला पाणी हळूहळू तोडतं. तुटला की त्यातून ॲसिड निघतं आणि ते ॲसिड पुढचे बंध आणखी भराभर तोडतं. दूध नासायला लागलं की कसं बघता बघता सगळं नासतं, तसं. त्याला लागतं काय, तर ऊब आणि दमट हवा. बडोद्यातला ऑगस्ट आणि गाठ मारलेली पिशवी, म्हणजे मी त्याच्यासाठी इनक्युबेटरच तयार करून दिला होता. पॉलिइथर जातीचा पीयू पाण्याला बराच टिकतो, पॉलिकार्बोनेट जातीचा तर फारच, पण त्याला पैसे पडतात. बाहेरून हात लावून तिघांतला फरक कुणालाही कळणार नाही, मलाही नाही.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, लग्नात घेतलेले बूट चार वर्षं कपाटात जपून ठेवले आणि मुंजीला घालायला काढले तर मांडवातच सोलचा भुगा झाला, हे प्रत्येक घरात एकदा तरी झालेलं असतं. किंवा हॉलमधला तो तपकिरी सोफा, जो घेताना 'लेदरेट' म्हणून घेतला आणि आता बसलं की पँटला खवले लागतात. सगळा एकच रोग. आणि यातली गंमत म्हणजे जपून ठेवल्याने तो टळत नाही, उलट बंद कपाटात दमट हवा कोंडली की जास्तच. बुटाला रोज वापरलं असतं तर झिजून गेला असता पण मांडवात लाज नसती काढली.

पीव्हीसीचं वेगळं. रिक्षाचं हूड, स्कूटरची सीट, भाजीवाल्याची ताडपत्री, आपण ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतो ते. पीव्हीसी मुळात कडक, अमेरिकेत वॉल्डो सेमन नावाच्या केमिस्टने १९२६ साली त्यात तेलासारखे पदार्थ मिसळून त्याला मऊ केलं. ते मऊ करणारं हळूहळू बाहेर पडतं, म्हणून उन्हात उभ्या रिक्षाचं हूड काही वर्षांनी पापडासारखं कडक होऊन तडकतं. थोडक्यात पीव्हीसी म्हातारा झाला की कडक होतो आणि पीयू म्हातारा झाला की चिकट.

आणि ही चिकट तक्रार आजची नाही बरं का, दोनशे वर्षांची आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने १८२३ साली पेटंट घेतलं, कोळशाच्या गॅसच्या कारखान्यात जे डांबर उरायचं त्यातून काढलेल्या नॅफ्थात रबर विरघळवायचं आणि दोन कापडांच्या मधे ते सारवायचं, सँडविचसारखं. पावसाला एकदम पक्कं. पण उन्हाळ्यात वितळून चिकट व्हायचं, थंडीत पत्र्यासारखं, आणि वास तर विचारू नका. तिकडे अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने सरकारी टपालाच्या दीडशे पिशव्या रबर लावून बनवून दिल्या, त्याला वाटलं आपण रबराचा चिकटपणा घालवला, पिशव्या गरम खोलीत ठेवून तो महिनाभर गावाला गेला आणि येऊन बघतो तर सगळ्या पिशव्यांचा लगदा. माझा माळा आणि त्याची खोली, काय फरक आहे सांगा. पुढे १८३९ मधे त्याला रबर आणि गंधक एकत्र तापवायची युक्ती सापडली आणि रबराचा स्वभाव बदलला. आपल्याकडे १९२० मधे सुरेंद्रमोहन बोस यांनी बंगालमधे वॉटरप्रूफचा कारखाना काढला, तो डकबॅक, माझ्या पिढीच्या सगळ्यांच्या दप्तराला आणि रेनकोटला ते नाव होतं. जड होता, त्यात घाम यायचा, पण माझ्या वडिलांचा मी कॉलेजला घातला आहे.

कलाभवनाचा विषय निघालाच आहे म्हणून थोडं विषयांतर. सयाजीराव महाराजांनी १८९० मधे ते काढलं ते प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारखा माणूस हाताशी होता म्हणून, आणि त्यात रंगकामाची केमिस्ट्री पहिल्यापासून होती. हे तेच गज्जर, ज्यांनी मुंबईतला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा स्वच्छ करून दिला होता. चापेकर बंधूंनी १८९६ मधे त्याच्यावर डांबर फासलं, ते कुणालाच निघेना, आणि या रसायनशास्त्र्याने ते काढलं. राजकारण बाजूला ठेवा, पण संगमरवराला धक्का न लावता डांबर काढणं म्हणजे काय चीज आहे हे माझ्या कॉलरवरचा पीयू तीन दिवस घासल्यावर मला जास्त कळलं.

असो. मुद्दा दुसरा. वॉटरप्रूफ आणि पाणी ओघळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या लेखात त्या एकत्र झाल्यात. पाणी आत येऊ न देणं हे आतल्या थराचं काम. बाहेरच्या बाजूवर थेंब मोत्यासारखे गोळा होऊन घरंगळतात ते काम वेगळ्याच फिनिशचं, ज्याला धंद्यात डीडब्ल्यूआर (ड्युरेबल वॉटर रिपेलंट) म्हणतात, आणि ते थर नसतो, धाग्याधाग्यावर चढवलेला लेप असतो. कापड त्या लेपाच्या रसायनाच्या पातळ दुधासारख्या पाण्यात बुडवायचं, पॅडिंग मँगलच्या दोन रोलरमधून पिळायचं, सुकवायचं आणि स्टेंटरवर, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या लांब भट्टीत, १५०-१६० डिग्रीला शिजवायचं. आमच्या मागच्या अंगणात अळू आहे, नातवाला मी त्याच्यावर तांब्याने पाणी ओतून दाखवलं. अळवावरचं पाणी आपण बोलण्यात शंभरदा वापरतो पण थांबून बघत नाही. पान ओलं होतच नाही, थेंब पाऱ्यासारखा पळतो, कारण पानावर बारीक बारीक उंचवटे आणि त्यांच्यावर मेण, म्हणजे थेंबाला टेकायला जागाच नाही. जर्मनीतल्या बॉनच्या वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी कमळाच्या पानावर हे सूक्ष्मदर्शकातून दाखवलं, १९९७ मधे त्यांचा तो निबंध आला आणि मग लोटस इफेक्ट हे नाव जगभर झालं. मग नातवाने बोटाने एक पान खसाखसा चोळलं आणि परत पाणी टाकलं, तर तिथे पाणी पसरून बसलं. "आजोबा, खराब झालं." अगदी बरोबर, रेनकोटचं पण हेच होतं, खांद्यावर जिथे दप्तराचा पट्टा घासतो तिथे सगळ्यात आधी.

आणि हा बाहेरचा लेप गेला की लोक म्हणतात रेनकोट गळायला लागला. बरेचदा गळत नसतो. बाहेरचं कापड पाणी पिऊन गच्च होतं, आतला घाम बाहेर जायची वाट बंद होते आणि माणूस स्वतःच्या घामाने भिजतो. त्यात घरोघरी रेनकोट धुतला जातो तो साबणपावडरमधे भिजवून, वर वासासाठी सॉफ्टनर. साबणाचा अंश राहिला की तो पाण्याला आत बोलावतो, आणि सॉफ्टनर तर अशा कापडाला विषच. धुवायचाच असेल तर साधा सौम्य साबण, तीन वेळा स्वच्छ पाण्यात खळबळायचा, सावलीत पूर्ण सुकवायचा, आणि लेबलवर इस्त्रीला मनाई नसेल तर वर सुती कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवायची. धुण्यात आडवे झालेले रेणू गरमीने परत उभे राहतात आणि थेंब पुन्हा घरंगळायला लागतात. करून बघा. पण आतला पीयू चिकट झाला असेल तर इस्त्री लावू नका, इस्त्रीच खराब होईल, मग मला शिव्या द्याल.

लॅबमधे पाणी घरंगळण्याची परीक्षा अगदी घरगुती वाटेल अशी असते. कापड गोल रिंगमधे, भरतकामाची असते ना तशीच, ताणून बसवायचं, ४५ अंशात तिरकं ठेवायचं, १५ सेंटिमीटर वरून झारीसारख्या तोंडातून २५० मिली पाणी सोडायचं, अर्धा मिनिट पण लागत नाही. मग रिंग उलटी धरून कडेवर टकटक आपटायची आणि कापडावर किती ओलं राहिलं ते तक्त्यातल्या फोटोशी ताडून मार्क द्यायचे, काहीच नाही राहिलं तर १००, मग ९०, ८०, ७०, ५० आणि सगळंच भिजलं तर शून्य. ताज्या मालाला १०० मिळवणं हे काहीच विशेष नाही, कुठलाही पोरगा मिळवेल. खरी परीक्षा पाच धुण्यांनंतर, दहा धुण्यांनंतर. मी कितीतरी ताके पाहिलेत जे सकाळी १०० घेऊन आले आणि पाचव्या धुण्यानंतर ७० वर बसले. गिऱ्हाइकाला कुठला रिपोर्ट जायचा ते तुम्हीच ओळखा. मी सही करायचो, हेही लिहायला हवं, नाहीतर हे पत्र म्हणजे सौ चूहे खाके होईल.

आता तो लेप कशाचा, हा जास्त नाजूक विषय आणि तुमच्या लेखात त्यावर एक ओळ सुद्धा नाही. जुनं मेणकापड म्हणजे मेण किंवा तेल. नंतर सिलिकॉन आलं. आणि मग फ्लोरिन. १९३८ च्या ६ एप्रिलला न्यू जर्सीत ड्युपाँटच्या लॅबमधे रॉय प्लंकेटच्या सिलिंडरमधून गॅस येईना, वजन केलं तर सिलिंडर भरलेला, कापून बघितला तर आत पांढरी मेणचट पावडर, ते टेफ्लॉन. १९५३ मधे थ्रीएम या अमेरिकन कंपनीच्या लॅबमधे कुणाच्या तरी कॅनव्हासच्या बुटावर एक फ्लोरिनवालं रसायन सांडलं, घासून निघेना, आणि नंतर बूट मळला तरी तेवढा डाग स्वच्छच राहिला. ते पॅट्सी शर्मन आणि सॅम्युअल स्मिथ यांच्या लक्षात आलं, त्यातून स्कॉचगार्ड हे कापडावर डाग बसू न देणारं फिनिश झालं. शर्मनबाईंना म्हणे त्यांच्याच मालाची चाचणी चालू असताना मिलच्या बाहेर थांबावं लागायचं कारण बायकांना आत सोडत नसत. आणि १९६९ मधे बॉब गोर यांनी तापवलेली टेफ्लॉनची कांडी हळूहळू ताणायच्या ऐवजी वैतागून एकदम हिसकली आणि ती तुटायच्या ऐवजी कितीतरी पट लांब झाली, सगळी बारीक छिद्रांनी भरलेली, पाण्याचा थेंब आत येणार नाही पण घामाची वाफ बाहेर जाईल अशी. शोध म्हणून तिन्ही जबरदस्त, माझी त्याबद्दल तक्रार नाही, मी ही कहाणी ट्रेनी पोरांना दरवर्षी रंगवून सांगायचो.

तक्रार ही की फ्लोरिन आणि कार्बनची गाठ इतकी पक्की की निसर्गाला ती सुटत नाही. लेप कपड्यावरून निघून जातो, हे वर सांगितलंच, पण जातो म्हणजे संपत नाही, नाल्यात जातो, नदीत जातो आणि तिथे राहतो, माणसाच्या रक्तात सुद्धा सापडतो. थ्रीएमने २००० साली स्वतःहून पीएफओएस हे याच जातीतलं रसायन बंद करत असल्याचं जाहीर केलं, २००९ मधे ते स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे न नासणाऱ्या विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आलं, २०१९ मधे त्याचं भावंड पीएफओए. आम्ही मात्र त्या जातीच्या इमल्शनचे ड्रम हाताने कलते करून बादलीत ओतलेत, बादली नळाखाली विसळलीय आणि पाणी गटारात सोडलंय. तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आणि गंमत बघा. मेण किंवा सिलिकॉन लावलं तरी पाणी घरंगळतंच, कारण पाणी स्वतःला घट्ट धरून ठेवणारं, त्याला दूर ठेवायला फार काही लागत नाही. फ्लोरिन लागतं ते तेलासाठी, तेल कुठेही पसरतं, त्याला फक्त फ्लोरिनच अडवतं. म्हणजे पेट्रोल रिफायनरीत काम करणाऱ्याच्या ड्रेसला, फायर ब्रिगेडला, ऑपरेशन थिएटरमधे, मी समजू शकतो. पण दुसरीतल्या पोराच्या रेनकोटला तेल कशाला अडवायला हवं? रेनकोट घालून भजी कोण तळतं? कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून आणि फ्रान्समधे १ जानेवारी २०२६ पासून अशा रसायनांच्या कपड्यांवर बंदी आली, काही अपवाद सोडून. इकडे पाकिटावर निदान फ्लोरिन आहे की नाही एवढं तरी छापा.

'इस्त्री लागत नाही' बद्दल थोडक्यात. त्याचं श्रेय अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी लॅबमधल्या रूथ बेनेरिटो यांना देतात, त्या स्वतः म्हणायच्या की हे खूप जणांचं काम आहे. कापसाच्या साखळ्या एकमेकींना रसायनाने बांधून ठेवायच्या म्हणजे त्या चुरगळत नाहीत. या बांधणाऱ्या रसायनांपैकी सर्वात जास्त वापरात असलेल्या रेझिनमधून फॉर्मल्डिहाइड हा डोळ्यांना झोंबणारा वायू सुटतो. खंडेराव मार्केटच्या आसपास एखाद्या बंद दुकानात नवीन शर्टांचे ढीग लावलेले असतात तिथे आत गेलं की डोळे चुरचुरतात, त्यात ह्याचा हात असू शकतो. निर्यातीच्या मालाला, अंगाला लागणारा कपडा असेल तर, फॉर्मल्डिहाइडची ७५ पीपीएमची (दहा लाखांत ७५ भाग) मर्यादा आम्ही पाळायचो, लहान बाळांसाठी तर त्याहून कितीतरी कमी. घरी एकच करा, नवा शर्ट धुतल्याशिवाय घालू नका, बाळाचा तर अजिबात नाही. आजी सांगायची की कोरा कपडा पाण्यातून काढल्याशिवाय अंगाला लावू नये, तिला खळ माहीत होती, फॉर्मल्डिहाइड नाही, पण सल्ला चालतो. आणि ते 'वास न येणारे' चांदीचे मोजे, त्याबद्दल एवढंच, २००८ मधे ॲरिझोनातल्या संशोधकांनी बाजारातले मोजे पाण्यात धुवून बघितले, काहींची बहुतेक सगळी चांदी चार धुण्यांत पाण्यात. चांदी गेली, वास राहिला.

आता मागणी. नातवाच्या रेनकोटचं पाकीट माझ्यासमोर आहे. त्यावर किंमत आहे, महिना आणि वर्ष आहे, फोन नंबर आहे, छत्री घेतलेल्या हसऱ्या पोराचं चित्र आहे आणि ठळक अक्षरात 'हंड्रेड परसेंट वॉटरप्रूफ'. महिना छापलाय तो याच वर्षातला. पण तो महिना पाकिटात भरल्याचा. कापडावर पीयू कधी चढला? ताका एखाद्या गोडाऊनमधे, पत्र्याच्या छपराखाली, तीन उन्हाळे आणि तीन पावसाळे पडून असेल आणि मग शिवून पाकिटात भरला असेल तर त्याच्यावर तारीख नवीनच येणार. बिस्किटाच्या पुड्यावर आपण मैदा कधी दळला ते विचारत नाही, ठीक आहे, पण इथे नासणारी वस्तू तो थरच आहे, शिवण नाही. लाइनवर प्रत्येक ताक्याला बॅच नंबर आणि तारीख असतेच, मी स्वतः खडूने आणि नंतर मार्करने लिहिलीय, काठाला. ती तारीख शिवणाऱ्यापर्यंत पोचते, गिऱ्हाइकापर्यंत येत नाही. मग तीन गोष्टी छापा: कोटिंग कुठल्या जातीचं आणि कुठल्या महिन्यातलं, पाणी घरंगळण्याचे मार्क किती धुण्यांनंतर किती, आणि फ्लोरिन आहे की नाही. पाकिटाच्या मागे ते हसरं पोरगं थोडं लहान केलं तर जागा होते.

आणि पुरवणीच्या मंडळींना विनंती, पुढच्या वेळी कंपनीवाला फोटो पाठवेल तेव्हा त्याला फोनवर एवढंच विचारा, "दहा धुण्यांनंतरचा रिपोर्ट आहे का?" तो दोन मिनिटं गप्प बसला तर तेच छापा.

दुकानदाराने नातवाचा रेनकोट शेवटी बदलून दिला, चांगला मुलगा आहे तसा, त्याला घाऊक व्यापारी जे सांगतो ते तो सांगतो. मी त्याच्या काउंटरवरच पाच पाकिटं फोडायला लावून प्रत्येकाच्या कॉलरमधे बोट घातलं, मागची बाई म्हणाली, "काका, आंबे निवडताय का?" चौथा बरा निघाला. माझा जुना मात्र बाहेरून टाफेटा ठणठणीत असल्यामुळे टाकवत नाही, टाल्कम पावडर मारून अंगणात वाळत घातलाय, सौ. त्याच्याकडे रोज बघते आणि काही बोलत नाही.

राहता राहिली सदऱ्याची कॉलर. थिनर लावलं तर डाग पसरला, रॉकेल लावलं तर रॉकेलचा वास बसला, बर्फ लावून खरवडलं तर थोडा निघाला पण सुताचा एक धागा पण निघाला. तुमच्या वाचकांपैकी कुणाला सुती कापडावरून जुना पीयू काढायची खात्रीची युक्ती माहीत असेल तर कृपया तुमच्याच सदरात कळवावी, मी वाट बघतोय. डीएमएफ सोडून. ते मला माहितेय आणि ते मी घरात आणणार नाही.

आपला,
एक जुना वाचक (निवृत्त, कोटिंग लॅब)
दांडिया बाजार, बडोदा